बापूरावांचं उड्डाण

चुका माझ्या हातून पुष्कळ झाल्या. पण होणाऱ्या सासऱ्याला जमिनीच्या पोटात नेऊन सोडण्याची चूक एकदाच झाली. चहा उकळेपर्यंत तेवढी ऐकून घ्या.

साठच्या दशकातली गोष्ट. अमरावतीला बी.एस्सी. होऊन मी अकोल्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत लागलो होतो. बाबा तिवस्याला तहसील कचेरीत शिपाई. घराण्यातला पहिला पदवीधर मी. त्यामुळे मी साधा शिंकलो तरी त्याची बातमी तिवसाभर व्हायची!

अकोल्यात तेव्हा विमान चालवायला शिकवणारी एक छोटी संस्था होती. पोरांना खऱ्या विमानात बसवण्याआधी सराव म्हणून तिथे एक लाकडी डबा ठेवला होता. आत दांडा, समोर घड्याळासारखे काटे, खाली चामड्याचे भाते. दांडा ओढला की डबा नाक वर करायचा, ढकलला की खाली. जमीन मात्र सोडायचा नाही.

उंचीच्या काट्यामागे पत्र्याची एक तबकडी असायची. तिची कड जशी कापाल, तसा काटा फिरणार. तबकडी बदलली की तोच डबा दुसरं विमान व्हायचा. आज पोरं कॉम्प्युटरला हुकूम लिहून देतात ना? आम्ही ते कानशीनं पत्र्यात घासत होतो, एवढाच फरक.

मला त्याचं वेडच लागलं; कॉलेज सुटलं की मी तिथेच. कपाशीवर औषध फवारणारं विमान तेव्हा नवं होतं आणि त्याची तबकडी संस्थेकडे नव्हती. तिथले शिकवणारे साहेब हवाई दलातून निवृत्त झालेले, बोलायला कमी. विमान कसं चढतं, कसं उतरतं याचा हिशेब मांडून तो पत्र्यावर कसा उतरवायचा, हे त्यांनी मला शिकवलं. कितीतरी तबकड्या भंगारात गेल्या. शेवटी एक मनासारखी झाली.

सुटीत घरी गेलो तेव्हा बाबांनी विचारलं, सध्या काय चाललंय? मी ऐटीत सांगितलं, "फवारनीचं विमान बनवून राहिलो." तबकडी हा शब्द खाल्ला. तिथेच माती खाल्ली म्हणा.

तिवस्यात त्याचं 'विमान बनवलं' झालं आणि धामणगावला पोचेपर्यंत 'सोता उडवते' झालं. आता धामणगावात कोण? तर बापूराव. त्यांच्या विमलशी माझं लग्न जवळजवळ ठरलं होतं. मुलगी बघायला गेलो तेव्हा तिनं मान वर करून मला विचारलं होतं, तुम्ही नेमकं शिकवता काय? तेव्हापासून दुसरी कुठली मुलगी माझ्या डोळ्यांपुढे येत नव्हती.

एका सकाळी बाबा बापूरावांना घेऊन अकोल्याला उतरले. बाबांनी नवीन पांढरी टोपी घातली होती. जयभीम झाला आणि बाबांनी लगेच विमान दाखवायला सांगितलं. मी दोघांना संस्थेत नेऊन डबा दाखवला. दोघांनी त्याला एक फेरी मारली. बाबांनी मागे वाकूनही पाहिलं.

"पंख कुठी हायेत?"

"याले पंख नाई लागत, बाबा."

"मंग उडते कसं?"

"उडत नाई."

बाबा नुसते खाली बघत राहिले. ते मला सोसलं नाही. मी बापूरावांना आत बसायची विनंती केली आणि माझी नवी तबकडी घाईघाईत चढवली. आधी रिकामी चालवून बघा, असं साहेब हळूच म्हणाले. मी म्हटलं, गरज नाही.

बापूरावांनी चपला बाहेर काढल्या, आत बसले, धोतर सावरलं. दांडा आपल्याकडे ओढा, वर जाल, असं मी त्यांना समजावलं. त्यांनी ओढला. भाते फुगले, डब्यानं नाक वर केलं. आणि उंचीचा काटा शून्याच्या खाली सरकला.

"बावू, नाक तं वर हाये. काटा खाली कावून जाऊन राहिला?"

"आनखी ओढा, मामाजी."

भला माणूस. त्यांनी आणखी ओढला. काटा आणखी खाली. साहेबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"आता कुठी आहो आपन?"

खोटं बोलायला सुचेना. "जमिनीच्या खाली."

"लय खाली?"

"तुमच्या इहिरीच्याई खाली."

त्यांनी डब्यातून खाली वाकून पाहिलं. "मंग पानी लागलं असन."

कोणी हसलं नाही. मला तेव्हा कुठे कळलं. तबकडी मी उलटी बसवली होती! चढायचं तिथे विमान उतरत होतं. मी हात देऊन त्यांना बाहेर काढलं. बाबांनी टोपी काढून हातात घेतली होती.

मी दोघांना सोडायला स्टेशनवर निघालो. विमल गेली, हे मी मनाशी धरून चाललो होतो. बाबांकडे बघायची हिंमत नव्हती. फलाटावर चहा घेताना बापूराव बाबांना म्हणाले, "खरं सांगतो, मी नाई म्हनाले आलतो. उडनाऱ्या मानसाले पोरगी देनं म्हंजे रोज आभायाकडे पाहत बसनं. इमलच्या मायनं तं जेवन सोडलं."

बाबांची मान आणखी खाली गेली. बापूरावांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे फार मायेनं पाहिलं.

"पन या पोराच्या हातानं काईच उडत नाई, हे आज मी सोता बसून पाह्यलं. तारीख काढा."