मामांचं पंधरावं पडणं

विधी महाविद्यालयात मामा पगार घेत तो फरशी पुसण्याचा, पण नाव कमावलं ते पडण्यात. अपघाताच्या नुकसानभरपाईचा विषय शिकवून झाला की विद्यार्थी अभिरूप न्यायालय, म्हणजे वर्गातलं लुटुपुटूचं कोर्ट, भरवत. त्याला एक जखमी माणूस लागे. चारचौघांत कण्हायला विद्यार्थी लाजत. मामा लाजत नसत. चौदा वर्षांत ते ट्रकखाली आले, लिफ्टमध्ये चेंगरले, एकदा शेजाऱ्याचं कुत्रंही त्यांना चावलं. मामी म्हणत, "बाहेर हाडं मोडून घेता, आणि घरात उशी उचलायची म्हटलं की कंबर धरता!"

यंदाचं पडणं मात्र जोखमीचं होतं. मामांची वकील शेवटच्या वर्षाची मुलगी होती. हुशार, पण महाविद्यालयाच्या स्पर्धा-संघातली जागा दोनदा थोडक्यात हुकलेली. संघ या खटल्यावरूनच निवडत. यंदा हुकली तर कायमचीच.

"मामा, तुम्ही दुकानाच्या ओल्या जिन्यावर घसरलात, मनगट मोडलं. पुसणाऱ्यानं निष्काळजीपणा केला. एवढंच बोलायचं."

"अगं, पडण्यात हयात गेली माझी," मामा म्हणाले.

न्यायाधीशाच्या खुर्चीत प्राध्यापक बाई बसल्या होत्या. हात गळ्यात बांधून मामांनी पाय कसा सटकला ते असं सांगितलं, की पहिल्या बाकावरच्यांनी पाय आखडून घेतले. मग समोरचा, म्हणजे दुकानमालकाचा वकील उठला. उन्हाळ्यातही टाय लावणारा मुलगा. सगळे त्याला टायसाहेबच म्हणत.

"थोडक्यात, पुसणारा कामचुकार होता, असं तुमचं म्हणणं?"

मामांना नुसतं 'हो' म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आलाही होता. पण बावीस वर्षं फरशी पुसलेला जीव तो!

"कामचुकार? तोंड सांभाळून बोला! तो बिचारा वाकून पुसतोय आणि तुम्ही चिखलाचे बूट घेऊन त्यावरून जाणार!"

"म्हणजे तुम्ही चिखलाचे बूट घालून गेलात?"

"मी कशाला? तुम्ही! काल दुपारी!"

वर्ग बाकांवर लोळला. बाईंनी टेबल आपटलं. टायसाहेब कानापर्यंत लाल झाले, पण डाव सोडतील तर शपथ. "पुसणाऱ्याची काही चूक नव्हती, हे मान्य?"

"शंभर टक्के!"

टायसाहेब ऐटीत बसले, आणि मामांना आपल्या वकिलाचा चेहरा दिसला. पांढराफटक. पोरीची शेवटची संधी आपणच घालवली!

ती उठली. लिहून आणलेले कागद तिनं बाजूला ठेवले.

"मामा, जिना कसा पुसतात?"

"आधी सूचनेची पाटी. मग अर्धी पायरी. ती वाळली की उरलेली अर्धी. लोकांना पाय ठेवायला कोरडी जागा नको?"

"आणि सगळ्याच पायऱ्या ओल्या असल्या तर?"

"तर त्याला वेळ दिलेला नाही. एकटा माणूस, शिवाय दुकान उघडायची घाई! वाळायची वाट बघेल कोण?"

"पाटीही नव्हती."

"मालकानं दिली तर ठेवणार ना! का घरून आणायची?"

ती बाईंकडे वळली. "न्यायमूर्ती महोदया, कागदपत्रांतलं चौथं पान. दुकान तीन मजली, सफाई कामगार एक, पाट्या शून्य. पुसणारा निर्दोष, हे माझ्या विद्वान मित्रांनीच वदवून घेतलं. मग मालकाशिवाय दोषी उरतो कोण?"

बाईंनी टायसाहेबांकडे पाहिलं. टायसाहेब चौथं पान शोधत होते.

निकाल तासाभरात लागला. संघाच्या यादीत पहिलं नाव तिचं! ती धावत आली तेव्हा मामा गळ्यातलं फडकं सोडत होते.

"मामा! स्पर्धेतला खटला रस्त्यातल्या खड्ड्याचा आहे. खड्डे बुजवणारं कुणी आहे तुमच्या ओळखीचं?"

"माझा मेव्हणा. वीस वर्षं डांबर ओततोय. उद्याच घेऊन येतो." मामा थबकले. "पण त्याच्यासमोर रस्त्याला नावं ठेवू नकोस हं, माझ्याहून तापट आहे."