तीन राण्या

ग्लेनिस पेनहॉल शाळेसमोर गाड्या थांबवायचं काम करते. सकाळी पाऊण तास, दुपारी पाऊण तास. अंगात पिवळं जाकीट, हातात ‘थांबा’ लिहिलेली गोल पाटी. तिनं पाटी पुढं केली की ऑस्ट्रेलियातल्या आमच्या या पोर्ट पिरी गावातला कितीही मोठा माणूस असो, गुमान ब्रेक दाबतो. वय एकोणसाठ. नवरा शिशाच्या भट्टीवर होता, तो गेला. मुलगी पर्थला असते. बाई कमी बोलते आणि काहीही विसरत नाही. मी इथल्या बोल्स क्लबात, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवणाऱ्यांच्या क्लबात, बावीस वर्षं बिअर ओततोय, पण अशी दुसरी पाहिली नाही.

क्लबात दर रविवारी दुपारी पोकर चालतो. पैसे लावत नाहीत. वर्षाच्या शेवटी जिंकणाऱ्याला एक कप मिळतो, तोही आतून गंजलेला. त्या वर्षी शेवटच्या डावाला दोघंच उरली होती, ग्लेनिस आणि टायरवाला डॅरिल क्लाइनिग. सगळ्या चकत्या टेबलाच्या मध्यभागी सरकवून झाल्या. ग्लेनिसनं आपली पानं उलटली. दोन राण्या हातात, तिसरी टेबलावर दोघांसाठी उघडलेल्या पानांत. डॅरिलनं कपाळावर हात मारला. “मेलो! अरे, टाळ्या वाजवा रे तिच्यासाठी!” लोकांनी वाजवल्या. ग्लेनिस उठली, लाजली, आणि तिनं कप उचलला. नवरा गेल्यापासून मी तिला पहिल्यांदाच हसताना बघत होतो.

“अगं राणी, कसली घाई? बस की जरा,” डॅरिल म्हणाला. त्यानं एक पान उलटलं. इस्पिक. मग बिअरचा घोट घेतला, मिशा पुसल्या, आणि दुसरं उलटलं. तेही इस्पिकच. टेबलावर आधीच तीन इस्पिकं होती, आणि पाच इस्पिकं तीन राण्यांवर भारी पडतात. हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. सगळा क्लब खो खो हसला. ग्लेनिसनं कप खाली ठेवला आणि ती घरी गेली.

आता, पोकरमध्ये याला लबाडी म्हणत नाहीत. नियमात बसतं. पण जिंकलेली पानं हातात दाबून समोरच्याला आधी जिंकू द्यायचं आणि मग त्याचं तोंड बघायचं, याच्याइतका हलकटपणा या खेळात दुसरा नाही. डॅरिल तेवढ्यावरही थांबला नाही. रोज सकाळी शाळेसमोर ती पाटी धरून उभी असताना तो गाडीतून डोकं बाहेर काढायचा. “घाई नाही हं, राणी!” आणि वर हॉर्न.

डॅरिल रोज जेवणाच्या सुट्टीत दुकानात खिमा-पॅटिस खात कॉम्प्युटरवर पोकर खेळायचा, खऱ्या पैशांनी. दोनशे डॉलर घेऊन बसायच्या टेबलावर. ‘टायरकिंग’ या नावानं खेळतो, हे त्यानं बारवर छाती फुगवून शंभरदा सांगितलं होतं. एका रविवारी ग्लेनिस बारशी येऊन बसली आणि मला म्हणाली, “मला त्याच्या टेबलावर बसायचंय. त्याला सोलायचंय, आणि मग त्या दिवशी त्यानं काय केलं ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचंय. या क्लबात, सगळ्यांसमोर.”

“मग बस की. दोनशेच तर लागतात.”

“दोनशे घेऊन बसले तर तासात घालवून उठेन. भांडवल हवं. एका टेबलावर भांडवलाचा विसावा हिस्सा, त्याहून एक सेंट जास्त नाही. म्हणजे चार हजार.”

“आणि आहेत किती?”

“पन्नास.”

मी बिअरचा नळ बंद केला.

सेंटासेंटाच्या टेबलावर तिनं सुरुवात केली. तिथलं तिचं नाव ‘तीन राण्या’. सकाळी पोरं शाळेत गेली की घरी यायचं, जाकीट खुंटीला अडकवायचं आणि दुपारच्या घंटेपर्यंत खेळायचं. समोर ब्राझीलचा कुणीतरी, फिनलंडचा कुणीतरी. थोडे वाढले की एक पायरी वर, घटले की मुकाट्यानं एक पायरी खाली. लोक त्या खाली उतरण्यातच मरतात. लाज वाटते ना!

तिला लाज नव्हती, राग होता, आणि तोच आडवा आला. एका सकाळी डॅरिलनं हॉर्न जरा जास्तच वाजवला. ती तणतणत घरी आली, जाकीटही न काढता नियम मोडून मोठ्या टेबलावर बसली आणि चार महिन्यांची कमाई एका तासात घालवून उठली. रविवारी तिनं मला सांगितलं. “तो माझ्या घरात येऊन मला लुटून गेला रे, आणि त्याला ठाऊकही नाही.” त्यानंतर राग आला की ती कॉम्प्युटरला हात लावायची नाही, ओव्हन घासायची. तिच्या ओव्हनइतका लख्ख ओव्हन सबंध गावात नसेल. ज्या रागापायी सगळं मांडलं, तोच रोज बाजूला ठेवायचा, असं तिनं अडीच वर्षं केलं. मला तर अडीच दिवस जमलं नसतं.

मग सरकारनं इंटरनेटवरचा पोकर बंद करणारा नवा कायदा केला. सप्टेंबरात ती पोकरची साइट देशातून गाशा गुंडाळणार होती. ऑगस्टच्या एका मंगळवारी ग्लेनिसचे चार हजार भरले. बुधवारी साडेबाराला ती टायरकिंगच्या समोर बसली.

“कसा खेळतो?” मी नंतर विचारलं.

“गाढवासारखा,” ती म्हणाली, आणि मला वाटतं तिला थोडं वाईटच वाटलं. “इतकी वर्षं मी याला डोंगर समजत होते.”

तीन दुपारी. बाराशे डॉलर. पडद्यावर तो शिव्या लिहायचा, ती उत्तर द्यायची नाही. शुक्रवारी त्यानं लिहिलं, “कोण आहेस रे तू? रशियन?” तिनं लिहिलं, “ग्लेनिस. शाळेसमोरची.” तो टेबलावरून उठून गेला.

रविवारी मला वाटलं, आता हा क्लबात तोंड दाखवत नाही. कसला! दार ढकलून आला तोच ओरडत. “ऐकलंत का रे? आपल्या ग्लेनिसनं मला सोलून काढला! बाराशेला! सगळ्यांना बिअर माझ्याकडून!” लोक टेबलं बडवायला लागले. त्याच्या पाठीवर थापा, हशा. दोन मिनिटांत गोष्ट त्याची झाली, आणि दिलदारही तोच ठरला. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण बिअर ओतायचं काम माझंच. तिच्यासमोर ग्लास ठेवला.

तिनं तो परत सरकवला. “नको.”

इथं कुणी पाजलेली बिअर नाकारणं म्हणजे तोंडावर थुंकणं.

“अगं, पी ना,” डॅरिल म्हणाला. “पैसे घेतलेस, आता बिअरही नको?”

तिनं पर्समधून नोटा भरलेलं कागदी पाकीट काढलं. “हे तुझे बाराशे. परत घे. फक्त सांग, त्या दिवशी काय केलंस.”

“गंमत होती गं ती.”

“कुणाची?”

कुणीतरी म्हणालं, “जाऊ दे ना ग्लेनिस, खेळ आहे.” तिनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. डॅरिलचे कान लाल झाले होते.

“जिंकलोय हे मला माहीत होतं,” तो पुटपुटला. “तुझं तोंड कसं पडतं ते बघायचं होतं.”

“मोठ्यानं. मागच्या टेबलाला ऐकू गेलं नाही.”

तो पुन्हा बोलला, मोठ्यानं. मग “चुकलं” म्हणाला, तेही मोठ्यानं. आणि पाकीट घेऊन गेला. घेतलं हं त्यानं, सगळ्यांसमोर.

मी म्हटलं, “जिंकलीस बाई! ही बिअर माझ्याकडून.”

ती माझ्याकडं वळली. “आणि तू?”

एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. त्या दिवशी दुसरं इस्पिक उलटलं तेव्हा सगळ्यात आधी हसलो तो मी. बारवरची घंटासुद्धा वाजवली होती.

“मी हसलो होतो,” मी म्हणालो.

“अडीच वर्षं दर रविवारी तुझ्यासमोर बसले, कधीतरी बोलशील म्हणून,” ती म्हणाली. “डॅरिलचं सोपं होतं. त्याच्यासाठी नुसते पैसे साठवायचे होते.”

अजूनही ती रविवारी येते, पोकर खेळते. बिअर हवी असली की बारच्या दुसऱ्या टोकाला जाते आणि नव्या पोरीकडून घेते.