ऐंशीचा वारा

वाऱ्याबद्दल जयप्रकाश देवस्थळींना शिकवायला कुणी जात नसे. कुवेतमधल्या शुऐब्याच्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात सेफ्टी खात्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती, आणि त्यातली निम्मी मान वर करून गेली होती. गेटाजवळच्या खांबावर एक नारिंगी कापडी पिशवी फडफडत असते. तिचं तोंड कुठे आहे त्यावर, गॅस सुटला तर माणसांनी कुठे पळायचं ते ठरतं. वारा ताशी पस्तीस किलोमीटरच्या वर गेला की क्रेन खाली, मग ठेकेदार कितीही नाक मुरडो. नव्या माणसांना ते पहिल्या दिवशीच सांगत, "नाक मुरडलेलं परवडतं, मान मुरडलेली नाही." हा त्यांचा एकुलता एक विनोद. बावीस वर्षं तोच चालला.

दुसरा त्यांचा हट्ट 'नियर मिस'चा. अपघात होता होता राहिला तर हुश्श म्हणून पुढे जायचं नाही, चोवीस तासांच्या आत फॉर्म भरायचा. कुणाच्या हातून झालं ते सगळ्यात वर लिहायचं, आणि स्वतःच्या हातून झालं असेल तर स्वतःचं नाव. दडवणाऱ्याला ते दुसऱ्या दिवशी गेटाच्या आत घेत नसत. लोक पाठीमागे त्यांना हरिश्चंद्र म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

गेल्या एप्रिलपासून मात्र विनोद बंद झाला.

एप्रिलात कुवेतच्या हवेला धरबंध नसतो. सकाळी निरभ्र, दुपारी धुळीची भिंत, चारला गडगडाट आणि गारा, सहाला जणू काही घडलंच नाही. अशाच एका दुपारी त्यांच्या बायकोचा, उल्काचा, ऑफिसात फोन आला. "खांदा भरून आलाय हो, आणि श्वास लागतोय." जयप्रकाश रोजच्या कामांच्या परमिटांच्या ढिगाऱ्यात बसले होते. "हवा बदलतेय," ते म्हणाले. "धूळ आहे. खिडक्या लाव, वाफ घे, पडून राहा." संध्याकाळी त्यांनी मंगफच्या फ्लॅटचं दार उघडलं तेव्हा खिडक्या लावलेल्या होत्या. वाफेचं पातेलं ओट्यावर होतं. उल्का पडलेली होती. डॉक्टर म्हणाले, हार्ट. दुपारीच आणलं असतं तर, असंही काहीतरी म्हणाले. पुढचं जयप्रकाशांनी ऐकलं नाही. त्या फोनबद्दल ते कुणाशी बोलले नाहीत. लेकीशी तर नाहीच.

त्यांना रडू आलं नाही. लोक म्हणाले, येईल. नाही आलं. राग नाही, भूक नाही, झोप मात्र घड्याळ लावल्यासारखी. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन द्यावं आणि त्याचा अंमल महिनोन्महिने उतरूच नये, तसं झालं होतं. मराठी मंडळातल्या बायकांनी महिनाभर डबे पाठवले. ते थांबल्यावर जयप्रकाश बेकरीतून खुबूस आणू लागले. ती इथली मैद्याची रोटी स्वस्त असते आणि तिला चव नसते, त्यामुळे तक्रारीलाही जागा नव्हती.

लेक ज्ञानदा. जन्म कुवेतचा, शाळा कुवेतची, त्यामुळे मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीतून वळसा घालून येतं. ऑगस्टात ती आणि तिचा नवरा सलील एडिंबरा सोडून स्कॉटलंडच्या उत्तरेला जंगलात राहायला गेले. सलील वीज कंपनीत होता. ज्ञानदाचं काम लॅपटॉपवर, कुठूनही चालणारं. घर दगडी, छोटं, आणि तिन्ही बाजूंना उंच उंच स्प्रूसची झाडं. गाव तीन मैलांवर आणि जायला एकच रस्ता, तोही झाडांमधूनच. ती झाडं दिसायला भक्कम, पण जमीन सदा चिंब, त्यामुळे मुळं खोल जातच नाहीत. जोराचं वारं आलं की मुळांची अख्खी ताटली उचकटून झाड आडवं होतं. हे सगळं ज्ञानदानेच सांगितलेलं. एका तासात ऊन, गारा, पाऊस आणि परत ऊन. वीज गेली की पाण्याचा पंपही जातो, म्हणून वादळाच्या आदल्या दिवशी बादल्या भरायच्या, लाकडं घरात घ्यायची, मेणबत्त्या हाताशी ठेवायच्या. तिकडे वादळांचं बारसं करतात, ते ऐकून जयप्रकाश एकदा म्हणाले, "आणि घुगऱ्या कोण वाटतं?" एप्रिलनंतरची ती एवढीच गंमत.

आई गेल्यावर बापलेकीकडे बोलायला वारा तेवढा उरला होता. आईबद्दल बोललं तर काय बोलायचं ते दोघांनाही कळत नव्हतं. वाऱ्याबद्दल कळत होतं. ज्ञानदाने तिथल्या हवामानाचं पान त्यांच्या फोनवर पाठवलं. काळ्या गोलात बाण आणि बाणाच्या पोटात आकडा. जयप्रकाश रोज सकाळी तो आकडा वहीत उतरवत: वीस, पस्तीस, बेचाळीस. आणि कारखान्याचा नियम त्यांनी घरात आणला. सायरन झाला की सगळ्यांनी मोकळ्या जागी जमायचं, डोकी मोजायची. ज्याचं उत्तर आलं नाही तो सापडलेला नाही असंच धरायचं. "वादळ गेलं की मला 'ऑल क्लिअर' पाठवायचं. बाकी काही नको." ती पाठवत असे. वादळामागून वादळं आली, ऑल क्लिअर आले.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारी एकला तिचा फोन आला. सलील वादळाच्या ड्युटीवर शहरात गेला होता. वीज कंपनीच्या माणसाला वादळात घर कुठलं.

"बाबा, उद्या ऐंशी दाखवतायत. एटी. मॉरॅग म्हणते, आजच गावात चल, शाळेच्या हॉलमध्ये सगळे थांबणारेत. जाऊ का?"

मॉरॅग म्हणजे तिची शेजारीण. सत्तरीची, आणि शेजार म्हणजे अर्धा मैल लांब.

जयप्रकाशांनी फोनवरचं पान उघडलं. ऐंशीच होते. "ऐंशीला काय होतंय?" ते म्हणाले. "इथे उन्हाळ्यात सत्तर-ऐंशीचा मी कितीदा बघितलाय. पत्रे उडतात, घरं नाही. घराला काही होणार नाही, धोका रस्त्याला आहे. गाडी घेऊन झाडांखालून जाऊ नकोस. थांब घरातच."

"शुअर?"

"बावीस वर्षं काय करतोय मी?"

"ओके बाबा," ती म्हणाली.

शनिवारी ऑल क्लिअर आला नाही. संध्याकाळपर्यंत नाही. जयप्रकाशांनी फोन लावला, तो लागला नाही. टॉवर पडला असेल, ते स्वतःशी म्हणाले, आणि खुबूस गरम करायला ठेवला. काळजी वाटायला हवी होती. वाटत नव्हती, आणि ती वाटत नाही हेच त्यांना बोचलं.

रविवारी कारखाना सुरू. कंट्रोल रूमची तहरीम सकाळच्या परमिटवर सह्या घ्यायला आली. ती लाहोरची, तिचा भाऊ इंग्लंडात ब्रॅडफर्डला. तिने टेबलावरची वही पाहिली. "सर, बिटिया ठीक है? भाई बता रहा था, उधर बड़ा तूफान आया है."

"अस्सीका था," जयप्रकाश म्हणाले. "अस्सी में इतना कुछ नहीं होता."

"अस्सी तो बहुत है सर. वहाँ सब मील में चलता है ना. भाई की गाड़ी में भी मील."

जयप्रकाशांनी पान उघडलं. अगदी तळाशी, बोटाने सरकवत जावं तिथे, बारीक अक्षरात लिहिलं होतं: मैल, ताशी. पाच महिने ते पान त्यांनी रोज पाहिलं होतं, आणि तळाशी एकदाही गेले नव्हते. बारा भाषा बोलणाऱ्या कामगारांना 'आकड्याआधी एकक वाचा' म्हणून कानीकपाळी ओरडणारा हा माणूस. त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला आणि ऐंशीला एक दशांश सहाने गुणलं. एकशे अठ्ठावीस.

लेक मैलांच्याच देशात गाडी चालवते, तिला मैल माहीत होते. तिने मैल सांगितले, बापाने किलोमीटर ऐकले, आणि एककाचा उच्चार दोघांनीही केला नाही. एकशे अठ्ठावीसच्या वाऱ्यात, उथळ मुळांच्या झाडांखाली, त्यांनी तिला थांब म्हणून सांगितलं होतं. पुन्हा एकदा. हवेचा अंदाज सांगून.

सलीलचा फोन लागला. "बाबा, रस्त्यावर अकरा ठिकाणी झाडं आडवी आहेत. कापत कापत चाललोय. तिच्याशी कॉन्टॅक्ट नाही. हॉलमध्ये ती नाहीये, मॉरॅग एकटीच आलीय. ज्ञानदा का नाही गेली कळत नाही."

"मी सांगितलं थांब म्हणून," हे जयप्रकाशांच्या ओठांशी आलं. "बरं," एवढंच ते म्हणाले. "पोचलास की कळव."

त्या दिवशी त्यांनी चौतीस परमिट तपासले. एकातही चूक नव्हती. दुपारी त्यांनी लाल पेन घेतलं आणि वहीतला ऑगस्टपासूनचा एकेक आकडा दीड पटीहून मोठा करत बसले. पस्तीसचे छप्पन. बेचाळीसचे सदुसष्ट. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. हाताला काम हवं होतं. सप्टेंबरात एके ठिकाणी अठ्ठावन्न होते. त्या रात्रीबद्दल ज्ञानदा म्हणाली होती, "इट वॉज स्केअरी, बाबा," आणि त्यांनी तिला सांगितलं होतं, अठ्ठावन्नला कुणी घाबरतं का. लाल पेनाने त्यांनी त्र्याण्णव लिहिलं आणि पान उलटलं.

सोमवारी शुऐब्यात उत्तरेचं गार वारं सुटलं. सकाळी सात अंश, हवेत बारीक धूळ. अकराला वारा एक्केचाळीसवर गेला आणि जयप्रकाशांनी क्रेन खाली घ्यायला लावली. ठेकेदाराने नाक मुरडलं. दुपारी दोनला अनोळखी, लांबलचक नंबरवरून फोन आला.

"बाबा? ऑल क्लिअर."

जयप्रकाशांनी केबिनचं दार लावलं. खुर्चीत बसायचं ते विसरले.

"सलीलच्या टीमचा सॅटेलाइट फोन आहे. आत्ताच पोचले ते. आयॅम फाइन, खरंच. बेडरूमवर झाड पडलंय. पण इतकी थंडी होती की मी किचनमध्ये स्टोव्हजवळच झोपले होते. दोन दिवस मॅगी आणि बादलीतलं पाणी." ती हसली, पण हसू लगेच मोडलं. "आणि गाडीचा पापड झालाय, बाबा. पूर्ण पापड. थँक गॉड तू थांब म्हणालास. मी रस्त्यात असते तर?"

गप्प राहिलं असतं तर भागलं असतं. लेक जिवंत होती, वर उपकार मानत होती. समोरच्या भिंतीवर नियर मिसच्या फॉर्मचं पॅड टांगलेलं होतं, बावीस वर्षं टांगलेलं.

"ज्ञानदा, एक नियर मिस आहे. ऐक."

"काय?"

"जयप्रकाश देवस्थळी. ऐंशी हा आकडा मी किलोमीटर समजलो. मैल होते. हॉलमध्ये सगळे सुखरूप आहेत, तूही शुक्रवारी दुपारीच गेली असतीस तर गाडीही वाचली असती आणि तुझ्या जिवाला धोकाही नसता. मी थांब म्हणालो ते चुकीचं होतं. तू वाचलीस ती थंडीमुळे. माझ्यामुळे नाही."

पलीकडे यांत्रिक करवतींचा आवाज येत होता. "इट्स ओके, बाबा," ती हळूच म्हणाली. "होतं असं."

"अजून एक आहे. तो नियर मिस नाही." जयप्रकाशांनी टेबलाची कड धरली. "त्या दिवशी दुपारी तुझ्या आईचा मला फोन आला होता. खांदा दुखतोय, श्वास लागतोय म्हणाली. मी म्हटलं धूळ आहे. हवा बदलतेय. पडून राहा म्हटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही."

पलीकडच्या करवती थांबल्या. लाइन गेली असं वाटून त्यांनी फोन कानापासून दूर धरून पाहिला.

"ज्ञानदा?"

"मलापण केला होता तिने," ती म्हणाली. "तुझ्याशी बोलल्यावर. म्हणाली, बाबा म्हणतात धूळ आहे, तुला काय वाटतं गं. मी मीटिंगमध्ये होते, बाबा. मी म्हटलं..." तिला पुढचं बोलायला दोनदा सुरुवात करावी लागली. "मी म्हटलं, हवेतलं बाबांना कळतं. ते सांगतात तसं कर."

जयप्रकाश खुर्चीत बसले. "नाही बाळा," एवढं त्यांनी म्हटलं, मग पुन्हा तेच म्हटलं, आणि तिसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज फाटला. ती तिकडे रडत होती. इंजेक्शनचा अंमल उतरला की पहिल्यांदा दुखायला लागतं, तसं आता कुठे त्यांना दुखायला लागलं होतं, नऊ महिन्यांनी, कारखान्याच्या केबिनमध्ये, भर दुपारी.

दारावर टकटक झाली. तहरीमने डोकं आत घातलं. क्रेन वर घ्यायची का, म्हणून ठेकेदार विचारत होता. वारा किती आहे?

जयप्रकाशांनी फोन छातीशी धरला आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनकडे पाहिलं. आकडा दिसत नव्हता, सगळं डोळ्यांतल्या पाण्यात गेलं होतं.

"आप पढ़ लीजिए," ते म्हणाले. "यूनिट के साथ."