बिनटाक्याचा फॉल

आता काय सांगू तुम्हाला! बायकोची साडी कापणारे नवरे जगात असतीलही. पण सरकारी विजेवर, परदेशी यंत्राने, आखल्यासारखी सरळ कापणारा मी एकटाच!

तेव्हा मी बंगळूरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत इंजिनिअर होतो. नुकतंच लग्न करून कुसुमला पुण्याहून यशवंतपूरच्या भाड्याच्या घरात आणलं होतं. आणि आमच्या खात्यात एक नवं यंत्र आलं होतं. दिसायला शिलाईयंत्र, पण सुई नाही, दोरा नाही! कानाला ऐकूही येणार नाही अशा ध्वनीच्या थरथरीने नायलॉनचे दोन थर वितळून एकमेकांना चिकटायचे. दाब वाढवला की तेच यंत्र कापड कापायचं, आणि कडेचा एक धागा सुटायचा नाही. दिवसभर मी नायलॉनच्या चिंध्या जोडायचो आणि संध्याकाळी घरी त्याचं कीर्तन करायचो.

अशात संक्रांत आली. लग्नानंतरची पहिली! कुसुमच्या भावाने मुंबईहून काळी नायलॉनची साडी पाठवली. ती नेसून, हलव्याचे दागिने घालून कुसुम साहेबांच्या बायकोसकट सगळ्यांना हळदीकुंकू देणार होती. परक्या गावातला तिचा पहिलाच समारंभ हो! साडीला फॉल लावला की झालं.

आमच्या घरमालकीण अक्का म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेलं, कानडी मिसळून बोलणारं मराठी घराणं. त्या मला म्हणाल्या, "अण्णा, स्वल्प इकडं द्या की. बसल्या बसल्या टाके घालते."

"टाके?" मी हसलो. "अक्का, टाक्यांचा जमाना गेला!"

"अहो, नक्की ना?" कुसुमने विचारलं. "फॉल भिजवून, इस्त्री करून ठेवलाय मी."

"अगं, इंजिनिअर आहे मी!"

"सरी, सरी," म्हणत अक्कांनी सुई परत खोचून ठेवली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी यंत्रावर बसलो. साडीवर फॉल ठेवला, चाक फिरवलं. फॉल चिकटेना. शक्ती वाढवली. तरी चिकटेना! मग मात्र मला चेव आला. सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवली, दाब वाढवला आणि साडी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरसर ओढून काढली. काय सुरेख रेघ उमटली म्हणता!

मग मी साडी उचलली. फॉल एका हातात आला. साडी दुसऱ्या हातात आली. आणि साडीचा काठ जमिनीवर पडला.

फॉल सुती होता! अहो, तेव्हा सगळे फॉल सुतीच असायचे, म्हणून तर ते आटू नयेत म्हणून आधी भिजवायचे. आणि सूत वितळतं का कधी? फॉलला ओरखडा नाही. खालची साडी तेवढी चार बोटं कमी.

घरी गेलो तेव्हा कुसुमने ती तोकडी साडी नीट घडी करून ट्रंकेत ठेवली. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या. शेवटी अक्कांनी आपली काळी इरकली आणून तिच्या हातात ठेवली. "नेस गं. सुती आहे. अण्णांच्या यंत्राला भीत नाही ही."

कुसुम त्या साडीत इतकी छान दिसली, की मला जास्तच वाईट वाटलं.

इकडे प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर राहिलेला तो काठ पाहून साहेब खूश! कापण्याचा इतका उत्तम नमुना कुणी केलाच नव्हता म्हणे. त्यांनी तो काचेच्या पेटीत लावला, खाली माझं नाव! मी आभार मानून मोकळा झालो!

पुढे कुटुंबांना प्रयोगशाळा दाखवायचा दिवस आला. साहेबांनी कुसुमला थेट त्या पेटीपुढे नेलं.

"देखिए, एक धागा नहीं निकला! आपके मिस्टर का काम है!"

कुसुमने काठ निरखून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"हाँ साहेब," ती गोड हसून म्हणाली, "बाकी की साडी मेरे ट्रंक में है."

साहेबांना वाटलं विनोद आहे. ते पोटभर हसले, आणि मला बढती मिळाली. घरात मात्र आजही कुणाचं काही फाटलं, की कुसुम आधी बजावते, "ह्यांना दाखवू नका हं. जोडून देतील!"