दीड वाजताची ओहोटी

नऊ मुलांचे अठरा रबरी बूट एका चादरीत घालून, घट्ट गाठ मारून उल्का त्या गाठोड्यावर जाऊन बसली, तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता. समोर समुद्र, मागे बदामाच्या झाडाखाली उभी असलेली चौदा मोठी माणसं. बुटांशिवाय त्या खडकांवर पाय ठेवायची सोय नव्हती. शंखांच्या धारा तळवे कापत, आणि दगडासारखा दिसणारा एक विषारी काट्याचा मासा तिथे दबा धरून असतो अशी पाटीच सरकारनं किनाऱ्यावर लावली होती. म्हणजे उल्का उठेपर्यंत एकही मूल हलणार नव्हतं. आणि ती उठणार नव्हती.

उल्का मूळची पुण्याची, कर्वेनगरातली. चौदा वर्षांपूर्वी संजीवशी लग्न करून सिंगापुरात आली. बुकित बातोकला भाड्याचा फ्लॅट, तांजोंग पगारला नोकरी. काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. इतरांनी ‘झालं’ म्हणून हातावेगळं केलेलं उघडायचं आणि ते नेमकं कुठे मोडतं ते दाखवायचं. ऑफिसात यासाठी तिला पगार मिळे आणि घरी टोमणे. तिला पोहता येत नाही. कुकर बंद केला का हे बघायला ती लिफ्टमधून परत वर येते. जाई, तिची एकुलती एक मुलगी, दहा वर्षांची, शाळेतून निघाली की पोहोचेपर्यंत तिचे तीन मेसेज जातात. अशा बाईला आपल्याकडे काळजीखोर म्हणतात आणि तिचं म्हणणं निम्मंच ऐकतात.

सिंगापुरात बारा महिने उन्हाळाच, तरी जूनच्या शाळेच्या सुट्टीला इथले मराठी लोक अजून उन्हाळ्याची सुट्टी म्हणतात. त्या सुट्टीतला एक आठवडा आठ कुटुंबं दक्षिणेकडच्या एका लहानशा बेटावर काढत. मरीना साउथच्या धक्क्यावरून बोट, आणि बेटावर समुद्राकडे तोंड करून ओळीनं पाच जुनी बैठी घरं. इथे त्यांना शॅले म्हणतात, या मंडळींनी नाव ठेवलं होतं वाडी. एका घरात पोळ्या, एका घरात मासे, तिसऱ्यात पोरांचं झोपणं. जून लागला की हापूस संपत येतो, म्हणून टेक्का मार्केटमधून शेवटच्या पेट्या आणून पहिल्याच दिवशी आमरस. पोहोचल्यावर समुद्राला नारळ. शेवटच्या संध्याकाळी मुलांचं नाटक. आणि मधल्या एका दिवशी ओहोटीला शामकांतकाकांबरोबर पोरांनी चालत कासवखडकावर जायचं. आईबापांनी यायचं नाही, हा नियम.

शामकांतकाका देवगडकडचे. तीस वर्षं जहाजांवर इंजिनिअर, मग इथल्याच बंदरात नोकरी, आता एकाहत्तराव्या वर्षी मरीन परेडला निवृत्त. वाडी त्यांनीच सुरू केली होती. नव्यानं आलेल्या कुटुंबाला पहिल्या गॅस शेगडीपासून पहिल्या डॉक्टरपर्यंत सगळं काकांनी दाखवलेलं. संजीवची पहिली नोकरी गेली तेव्हा महिनाभर हे तिघं काकांच्याच घरी राहिले होते. त्यामुळे काकांना नाही म्हणायची जीभ कुणालाच नव्हती.

ओहोटीची वेळ काका पंचांगावरून सांगत. कोकणातला साधा हिशोब: तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. सरकारी तक्ते मोबाइलवर फुकट मिळतात, पण काका म्हणत, तक्ते जहाजांसाठी, माणसांसाठी तिथी. आणि सोळा वर्षं ते जुळतही गेलं, कारण सोळा वर्षं घरं मिळत होती ती नेमकी पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास. त्या दिवसांत उधाण असतं, पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप. मग बुकिंग सोडतीनं व्हायला लागलं. जो आठवडा निघेल तो. गेल्या वर्षी निघाला तो भांगाचा, म्हणजे पाणी धड चढत नाही आणि धड उतरत नाही तसा. त्यातून इथला समुद्र कोकणासारखा दोन सारख्या भरत्या नि दोन सारख्या ओहोट्या देणारा नाही. दिवसाच्या दोन ओहोट्यांतली एक खरी आणि दुसरी नुसती नावाची, असंही होतं.

गेल्या वर्षी अशाच नावाच्या ओहोटीला काका सहा मुलांना घेऊन गेले. जाताना गुडघाभर पाणी होतं, ते आणखी उतरेल म्हणून सगळे खडकावर पोहोचले, आणि ते उतरायच्या ऐवजी चढायला लागलं. खडक आणि किनारा यांच्यामध्ये एक घळ आहे, ती आधी भरते. काकांनी एकेका पोराला खांद्यावर घेऊन घळ पार केली. जाई सगळ्यांत उंच, म्हणून तिला शेवटी ठेवलं. किनाऱ्यावर कुणाला पत्ता नव्हता. पुरुष कोळसे पेटवत होते, उल्का कोलंबी सोलत होती.

परत आल्यावर काकांनीच हसत सांगितलं: पोरीला पाच मिनिटं थांबावं लागलं, पण वाघीण आहे. मग ती गोष्ट वाडीची झाली. शेवटच्या संध्याकाळी, दरवर्षी पोरांचं नाटक बसवणाऱ्या चैत्रालीनं त्या गोष्टीचंच नाटक करून घेतलं. निळ्या बेडशीटचा समुद्र, उशीचा खडक, आणि त्यावर उभी राहून ‘वाचवा, वाचवा’ ओरडणारा, जाईचा फ्रॉक घातलेला कुशल, वाडीतल्याच सुबोधचा मुलगा. लोक हसून हसून लोळले. दिवाळीला तेच, संक्रांतीला तेच. कुणाच्याही घरी जमलं की ‘खांद्यावरची जाई’ व्हायचीच.

जाईसुद्धा हसायची. पण त्या जूननंतर ती न्हाणीघराचं दार बंद करेना. शाळेच्या पोहण्याच्या तासाला तिनं सलग चार आठवडे पोट दुखतंय म्हणून सांगितलं. विचारलं की इथल्या पोरांसारखं ‘नथिंग लाह’. उल्का बोलली की संजीव म्हणायचा, तू सगळ्यांत चूक शोधतेस.

मग उल्कानं चूक शोधलीच. गेल्या वर्षीच्या त्या तारखेचा भरती-ओहोटीचा तक्ता काढला. खडकाची वाट उघडायला पाणी अर्ध्या मीटरच्या आसपास यावं लागतं. त्या दुपारी ते दीड मीटरच्या खाली जाणारच नव्हतं. तक्त्यात वर्षभर आधी छापलेलं होतं. यात दैवाचा, समुद्राच्या लहरीचा काही संबंध नव्हता. एका माणसानं बघितलं नव्हतं, एवढंच. या वर्षीचा दिवस काढला: दशमी. दहाची पाऊणपट साडेसात, साडेसातला भरती, दीडला ओहोटी. तक्त्यात दीड वाजता गेल्या वर्षीपेक्षाही जास्त, पावणेदोन मीटर.

तिनं तो कागद बेटावर आल्या दिवशी सगळ्यांना दाखवला. चैत्राली म्हणाली, सुट्टीत तरी टेस्टिंग बंद ठेव. संजीवनं बाजूला घेऊन समजावलं की काकांचं वय झालंय, त्यांचा असा अपमान नको. आणि धनेश, जो आजही जहाजावर चीफ इंजिनिअर आहे, ज्याला असे तक्ते रोज डोळ्यांसमोर असतात, त्यानं कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाला, “वहिनी, बरोबर आहे तुमचं. पण मला जहाजावर काकांनी चिकटवलंय. मी कसं बोलू?”

उल्काच्या अंगाचा तिळपापड झाला तो या वाक्यानं. काकांना ठाऊक नव्हतं, हे ती एक वेळ समजू शकत होती. याला ठाऊक होतं. गेल्या वर्षीही ठाऊक होतं. नऊ पोरांच्या जिवापेक्षा याच्या जिभेवरचं ओझं जड. तोच राग घेऊन आज दुपारी ती पोरांच्या खोलीत गेली, दाराशी रांगेनं वाळत ठेवलेले बूट उचलले आणि चादर पसरली.

आता काका समोर उभे होते. हातात काठी, डोक्यावर टोपी, पायात स्वतःचे बूट, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट. आधी त्यांनी चेष्टेवर नेलं. “काय गो उल्का, तुमच्या मुठेक भरती येता काय? मग समुद्राचा माका कित्याक शिकवतंस?”

दोघं-तिघं हसले. उल्का म्हणाली, “नदीला भरती येत नाही काका. म्हणून मी वाचून बघते. तुम्हीही बघा.”

तिनं कागद पुढे केला. काकांनी तो घेतला नाही. संजीव दातओठ खात म्हणाला की ऊठ, शोभा होतेय. ती म्हणाली, होऊ दे. चैत्रालीनं पोरांना हसवायला गाठोडं ओढल्यासारखं केलं, तर उल्कानं तिचा हात असा झटकला की तिच्या बांगड्या वाजल्या. मग मात्र कुणी हसलं नाही. विद्याकाकू, काकांची बायको, दारात पातेलं घेऊन थबकली होती, तिनं ते खाली ठेवलं.

काकांचा चेहरा लाल झाला होता. ते मालवणी सोडून पुस्तकी मराठीवर आले. “ठीक आहे. पोरं राहू देत. मी एकटा जातो. दीडला पाणी उतरलेलं दाखवतो तुला, आणि मग तू या वाडीत सगळ्यांसमोर ‘चुकले’ म्हण.”

आणि गेले. काठी टेकत, सावकाश, आधी घोटाभर, मग गुडघाभर. घळीच्या तोंडाशी कमरेला पाणी लागलं तसे थांबले. घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन बघितलं आणि तिथेच उभे राहिले, ओहोटीची वाट बघत.

एक वीस. दीड. पावणेदोन. दुपारचं ऊन डोक्यावर, बाहेरच्या बाजूनं कंटेनरचं एक जहाज गेलं, त्याच्या लाटेनं म्हातारा क्षणभर हलला. पाणी कमरेला होतं ते कमरेलाच राहिलं. धनेश चार वेळा पुढे झाला आणि चार वेळा मागे आला.

ते अवघडलेपण मोडायचं म्हणून असेल, चैत्राली जाईला म्हणाली, “तूच सांग गं तुझ्या आईला. गेल्या वर्षी कसली मजा आली होती, हो ना? काकांच्या खांद्यावरून आलीस की नाही?”

जाई वाळूत बसली होती, अनवाणी. तिनं वर बघितलं नाही. “अंकल म्हणाले, काउंट टू हंड्रेड, मग मी येतो,” ती म्हणाली. “मी हंड्रेड केले. ते आले नाहीत. मग अगेन केले. इलेव्हन टाइम्स केले. फर्स्ट पाणी इथे होतं,” तिनं मांडीवर हात ठेवला, “मग इथे,” आणि हात छातीपाशी नेला. “मला वाटलं, दे फर्गॉट.”

कुशलनं मान खाली घातली. संजीव बायकोकडे बघायला लागला, तर तिनं तोंड फिरवलं. त्याच्याकडे बघून तिला आत्ता रडायचं नव्हतं, आणि त्याच्यावरचा राग तिला खाली ठेवायचा नव्हता.

दोन वाजता विद्याकाकू पाण्याच्या काठाशी गेली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “या आता बाहेर. समुद्र काय तुमचं ऐकायला जन्मलेला नाही.”

काका आले. पँटमधून पाणी निथळत होतं, ओठ मिठानं पांढरे. ते उल्काला ओलांडून सरळ घरात जायच्या बेतात होते. ती उठून आडवी आली.

“जाई मोजत होती, काका. तुम्ही शंभर सांगितलेत. तिनं अकरा वेळा मोजलेत.”

“अकरा?” काका म्हणाले. तीस वर्षं इंजिनाचे फेरे मोजलेला माणूस, आकडा आपोआप फिरला असावा. ते काठीवर रेलले. “म्हणजे जवळजवळ वीस मिनिटं झाली,” ते म्हणाले. मग तिच्याकडे न बघता, “कुशलला नेताना माझा पाय घसरला होता. दम लागला म्हणून मी अलीकडच्या दगडावर बसलो. किती वेळ, मला कळलं नाही. मी घरात सगळ्यांना पाच मिनिटं सांगितली.”

“हो. पाचच सांगितलीत,” उल्का म्हणाली. “आणि वर्षभर आमच्यासमोर त्याचं नाटक बघितलंत.”

काकांनी मान हलवली. माफ कर म्हणाले नाहीत. बहुधा त्यांना ते म्हणता येत नव्हतं, आणि म्हटलं असतं तरी उल्कानं ते आत्ता घेतलं नसतं. ते वाळूत जाईशेजारी बसायला वाकले, गुडघ्यानं साथ दिली नाही, तसे काठी धरून नुसतेच तिच्यापाशी उभे राहिले. जाई थोडी सरकून बसली. काकांपासून लांब नव्हे, पण जवळही नव्हे. मग विद्याकाकू त्यांना धरून आत घेऊन गेली.

धनेश येऊन म्हणाला की वहिनी, पुढच्या वर्षीपासून तक्ता मीच लावतो दारावर. उल्का म्हणाली, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी, आज तुम्ही माझ्याशी बोलू नका. संजीवला तिनं तेही सांगितलं नाही. माणसं एकेक करून घरांकडे पांगली. कुणीतरी पोरांना कलिंगड कापून द्यायला बोलावलं.

उल्का गाठ सोडायला बसली. बुटांच्या ओलीनं चादर भिजून गाठ आवळली होती, नखं दुखायला लागली. आपण जिंकलो असं तिला वाटायला हवं होतं, आणि अजून नुसता संताप संताप होत होता. जाई शेजारी येऊन उभी राहिली.

“आई,” ती म्हणाली, “दॅट टाइम, नाटकाला. यू ऑल्सो लाफ्ड, व्हॉट.”

उल्काचे हात थांबले. पहिल्या रांगेत बसली होती ती. कुशल उशीवरून धपकन पडला तेव्हा तिनं टाळ्या वाजवल्या होत्या, चैत्रालीच्या खांद्यावर डोकं टेकून हसली होती. आपली भित्री मुलगी एकदा तरी वाघीण ठरली, याचा तिला आनंद झाला होता. वर्षभर ती सगळ्यांच्या चुका मांडत आली होती, त्यात ही नव्हती.

“हो,” ती म्हणाली. “हसले मी.”

“ओके,” जाई म्हणाली. गाठ सुटली होती. उल्कानं तिचे बूट शोधून पुढे केले. जाईनं ते आईच्या हातून घेतले नाहीत. तिनं खाली ठेवायची वाट बघितली, मग उचलले आणि कलिंगडाकडे गेली.