कपाशीचं औषध

जळगावच्या एका दैनिकात मी दर गुरुवारी विज्ञानावर लिहायचे. पगारी नव्हते, त्यामुळे मला काढून टाकायची सोय संपादकांना नव्हती. माझा स्वभाव पाहता, असती तर त्यांनी ती नक्की वापरली असती. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं, मीही नानाच म्हणायचे. रसायनशास्त्राची पदवी घेतलेली सून पिंप्राळ्यात आली आहे हे कुठूनसं कळल्यावर तेच आमच्या घरी आले होते. सासूबाईंनी केलेला चहा बशीत ओतत म्हणाले, "वहिनी, लोकांना विज्ञान सांगा. पण भाषा जरा वजनदार ठेवा. शेवटी विज्ञान आहे, पाककृती नव्हे."

वजनदार भाषेचं आणि माझं काही जमलं नाही. लेख पाठवण्याआधी मी तो सासूबाईंना वाचून दाखवायचे. त्या जेमतेम शाळा शिकलेल्या, पण ऐकायला पक्क्या. समजत असेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघायच्या आणि समजेनासं झालं की काही न बोलता तांदळाचं ताट पुढे ओढून खडे निवडायला लागायच्या. ताट सरकलं की मी ते वाक्य खोडायचे. माणूस चंद्रावर उतरला तेव्हाचा लेख मात्र त्यांनी ताटाला हात न लावता ऐकला आणि शेवटी विचारलं, "अगं, पण परत येताना त्यांना वाट कशी सापडली?" मी त्यांचा प्रश्न तसाच लेखात घातला. हे फार घरगुती होतंय, असं नानांचं म्हणणं पडलं.

घरगुती तर घरगुती. मला त्या वेळी छापल्या जाणाऱ्या दोन्ही सुरांचा मनापासून कंटाळा होता. एक सरकारी पत्रकाचा सूर. 'सदर द्रव्य हाताळताना योग्य ती दक्षता घेण्यात यावी.' कोणी घ्यावी, कसली घ्यावी, काही पत्ता नाही. दुसरा आमच्या जिल्हा पानाचा. तिथे साधा बैल विहिरीत पडला तरी 'थरार' असायचा आणि बाई कशात सापडली की 'प्रताप' असायचा. हे पान लिहिणारे उपसंपादक माणूस म्हणून गरीब होते, पण लेखणी हातात आली की त्यांच्या अंगात यायचं.

चंद्राच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. कपाशीवर फवारणी चालू होती. असोद्याहून भाजी घेऊन येणारी अक्का एका सकाळी दारात आली आणि टोपली उतरवायच्या आधीच तिने कमरेचा कागद काढला. आमच्याच पेपरचं पान होतं.

"ताई, हे वाचा," ती म्हणाली. "तुमच्या पेपरानं माझ्या लेकीले जहर घालनारी केलं."

बातमी मी महिन्यापूर्वी पाहिली होती आणि पुढे सरकले होते. 'अडाणी मातेचा प्रताप. पोटच्या पोरीच्या डोक्याला विष चोळले.' धुळ्याकडच्या एका खेड्यात आईने मुलीच्या उवा मारायला कपाशीवरचं फवारणीचं द्रव्य डोक्याला लावलं, पोरीला झटके आले, धुळ्याच्या दवाखान्यात नेलं आणि ती वाचली. वाचली हे शेवटच्या ओळीत होतं. नाव छापलं नव्हतं, पण गावाचं नाव होतं, आणि खेड्यात तेवढं पुरतं.

अक्काने पुढचं सांगितलं. पोरगी दवाखान्यातून परस्पर लेकीच्या सासरी नेली. आईला मात्र असोद्याला माहेरी आणून घातलं. सासरे म्हणाले, पेपरात छापून आलं, आता आम्ही कुठे तोंड दाखवायचं? जी आई विष घालते तिच्या हाती पोर कशी द्यायची? महिना होत आला होता. आईने पोरीचं तोंड पाहिलं नव्हतं.

मी त्याच दुपारी असोद्याला गेले. अक्काची लेक ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. माझ्यापेक्षा लहान, आणि मला वाटलं होतं तशी रडत वगैरे नव्हती. ती चिडलेली होती, आणि ते मला बरं वाटलं.

"मी जहर नही लावलं, ताई," ती म्हणाली. "मी औषध लावलं. सारे त्याले औषधच म्हनतात. दुकानदार म्हनतो, मालक म्हनतो. कपाशीवरची कीड मरते, मंग डोक्यातली का नही मरनार?"

तिचं काय चुकलं होतं? जे एक कीड मारतं ते दुसरीही मारेल, हा विचार अगदी सरळ होता, प्रयोगशाळेत मी याहून कच्चे विचार ऐकले होते. आणि औषध माणसाला लावायचंच असतं. घरात ते साध्या बाटलीत आलं होतं, तिच्या सांगण्याप्रमाणे चिठ्ठीबिट्ठी काही नव्हती; बरोबर तो शब्द तेवढा तिला मिळाला होता.

घरी आल्यावर मी तेच पान पुन्हा उघडलं. अक्काच्या लेकीच्या बातमीखाली चौकटीत जाहिरात होती. 'कपाशीच्या सर्व किडींवर खात्रीचे औषध. आजच आणा.' वर विष, खाली औषध. डबा एकच. मध्ये एक बारीक काळी रेघ. माझं डोकं असं फिरलं की सासूबाईंनी विचारलं, तव्यावर काही करपलंय का.

त्याच रात्री मी लेख लिहून काढला. उपसंपादक, दुकानदार, बातमीदार, सगळ्यांना धारेवर धरलं. वाचून दाखवला. सासूबाईंनी ताट ओढलं नाही, पण त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"कोणाशी भांडतेयस तू?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांशी."

"आणि हे वाचायचं कोणी? त्या पोरीच्या आजोबांनी ना? मग त्यांना यातलं काय मिळालं? दोन ओरडणाऱ्या माणसांच्या मध्ये ते कशाला बसतील?"

मी कागद फाडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिला, आणि रागाला बांध घातल्यावर तो आपोआप सरकारी झाला. 'कीटकनाशके मानवी त्वचेतून शोषली जाऊन मज्जासंस्थेवर...' तांदळाचं ताट सरकलं. तोही फाडला. मग मी डोळे मिटून ठरवलं की आबा म्हणावेत असे एक म्हातारे गृहस्थ माझ्यासमोर बसलेत, त्यांना राग आहे, लाजही वाटतेय, त्यांना कमी लेखायचं नाही आणि घाबरवायचंही नाही. असं बसल्यावर पहिलं वाक्य आलं. 'कपाशीवर फवारतात ते औषध नाही. ते विष आहे.' पुढे साध्या ओळी. ते कातडीतून आत जातं. किडीच्या ज्या नसांवर ते घाव घालतं तशाच नसा माणसातही आहेत, फक्त माणूस मोठा असतो म्हणून वेळ लागतो. पोर लहान असतं म्हणून वेळ लागत नाही. हात धुवा, रिकामा डबा जमिनीत पुरा, त्यात तेल-पाणी भरू नका. आणि शेवटी: 'एका आईने ते मुलीच्या डोक्याला लावलं. तिने विष लावलं नाही, औषध लावलं. तो शब्द तिला आम्ही दिला होता.'

सासूबाई सगळं ऐकून म्हणाल्या, "हं. दे आता."

देणं एवढं सोपं नव्हतं. मी कार्यालयात गेले तेव्हा बियाणं आणि फवारणीचा माल विकणारे शेठ जाहिरातीचा मजकूर घेऊन तिथेच बसले होते. मूळचे राजस्थानातल्या घराण्यातले, बोलायला गोड. नानांनी लेख मोठ्याने वाचला आणि शेठ हात जोडून उठलेच.

"ताई, माझ्या दुकानात येऊन माणूस म्हणेल, शेठ, विष द्या. बाजूवाला पोलीस बोलावेल!"

"बोलावू द्या," मी म्हटलं. "पोलिसालाही कळेल डब्यात काय आहे ते."

शेठ जाहिरात न देताच गेले. नाना त्यांच्या पाठमोऱ्या धोतराकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते विषावर कात्री चालवणार. पण नाना वेगळ्याच ठिकाणी अडकले होते.

"विष राहू द्या," ते म्हणाले. "शेठला मी समजावीन. हे 'आम्ही' तेवढं काढा."

"मग तो शब्द तिला कोणी दिला?"

"'समाजाने' लिहा. 'सर्वांनी' लिहा."

"समाज जाहिराती छापत नाही, नाना."

"वहिनी, पेपर चुकला असं पेपरच छापायला लागला तर लोक विश्वास कशावर ठेवणार?"

उपसंपादक टेबलामागून म्हणाले, "आणि मी काय लिहायला हवं होतं? 'सुज्ञ मातेचा प्रताप'?" कोणी हसलं नाही, तेव्हा त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

मी खुर्चीवर बसले आणि सांगितलं की 'आम्ही'सकट छापणार असाल तर छापा, नाहीतर गुरुवारची जागा पाककृतींना द्या, भाषा वजनदार ठेवून. त्या सदरावर माझा जीव होता. घर आणि स्वयंपाक यांच्या बाहेर माझं म्हणून तेवढंच काही होतं. पण तो शब्द काढला असता तर उरलेला लेख उपदेश झाला असता. शहाण्यांनी अडाण्यांना केलेला. त्या म्हाताऱ्याने तो कानाआड केला असता, आणि योग्यच केलं असतं. हे मी नानांना जसं सुचलं तसं सांगितलं. छापखान्यातून पानाची मागणी येत होती. नानांनी दोनदा पानसुपारीचा डबा उघडला, मिटला. शेवटी म्हणाले, "घ्या तुमचं 'आम्ही'. पण जिल्हा पानावर जाईल. जिथे ती बातमी होती तिथेच." मला हवं होतं त्याहून ते जास्त होतं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

लेख आला. अक्काने तो चार घरांत फिरवला. धुळ्याकडून काही हालचाल नाही. मग लक्षात आलं की आमचा पेपर त्या खेड्यापर्यंत जातच नव्हता. ती बातमी तिथे बाजारकऱ्यांच्या तोंडून पोचली होती, आणि बदनामीला जशी आपसूक बस मिळते तशी खुलाशाला मिळत नाही. मग मीच तो बसमध्ये घालायचं ठरवलं. अक्का येते म्हणत होती, पण माहेरचं माणूस दारात दिसलं की आधी भांडण होतं, म्हणून तिला थांबवलं. एरंडोल, पारोळा करत एस.टी.ने फाट्यावर सोडलं, तिथून कपाशीच्या मधून चालत गेले. शेतात फवारणीचा तो उग्र वास होता.

आबा, म्हणजे त्या मुलीचे आजोबा, ओसरीवर बसले होते. मी कोण ते सांगितलं तेव्हा तोंड फिरवलं. पेपरवाली आता आणखी काय छापणार, असा चेहरा. मी म्हटलं, "काही विचारायला आले नाही. वाचून दाखवायला आलेय. नको वाटलं तर मध्येच थांबवा." तोवर शेजारची दोन माणसं येऊन बसलीच होती.

"वाचा," आबा म्हणाले. "बठ्ठं वाचा."

मी सगळं वाचत गेले. शेवटच्या ओळीवर आबांनी हात वर केला.

"हाई 'आम्ही' म्हंजे कोन?"

"पेपरवाले."

"पेपरवाला सोता म्हनतस, आम्ही चुकनूत?"

"हो. तसंच छापलंय."

आबांनी पान माझ्या हातातून घेतलं. वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ बघत राहिले. मग शेजाऱ्यांसमोरच, आवाज न चढवता म्हणाले, "ती बाटली मी आनेल व्हती. धुयाथून. सूननी इचारं, आबा, हाई काय शे? मी सांगं, कपाशीनं औषध शे." पान मांडीवर ठेवलं. "पेपर उना, तवय मी गप बसनू."

धुळ्याहून बाटली आणणारे आबाच, आणि बातमी आली तेव्हा गप्प बसलेलेही तेच. शेजारी जमिनीकडे बघायला लागले. मला त्या म्हाताऱ्याचा राग यायला हवा होता, महिनाभर एका आईला त्यांनी पोरीवाचून होरपळवलं होतं. आला नाही. ज्याने पहिल्यांदा तोंड उघडलं त्याच्यावर मला चिडता येईना.

आतल्या दाराशी पोरगी उभी होती. दवाखान्यात डोक्याचे केस काढलेले, नुकती कुठे लव आली होती. आबांनी तिच्याकडे पाहिलं.

"चाल बेटा. तुनी मायले लेवाले जाऊत."

"आते?" आत्ताच का, असं तिने विचारलं.

"आते," म्हणत ते खुंटीवरची टोपी काढायला उठले.

परतीच्या एस.टी.त मला खिडकी मिळाली नाही. ती पोरीने घेतली होती, आणि पारोळा गेल्यापासून प्रत्येक गावाला ती विचारत होती, हेच का असोदं.