डार्मश्टाटचं पान

अनिताचा फोन आला तेव्हा मी आमटीला फोडणी देत होते. अनिता म्हणजे माझ्या कुमुदताईची मुलगी. जन्मली, वाढली ती इथे जर्मनीत, डार्मश्टाटला. मराठी सगळं समजतं, पण उत्तर कायम जर्मनमधून. त्या सकाळी मात्र म्हणाली, "मावशी, आई गेली." शेगडी बंद करायचं भान राहिलं, आणि पहिला विचार काय यावा, तर पोरगी मराठीत बोलली! हे आता कुमुदताईला फोन करून सांगायला हवं, असंही वाटून गेलं... मग मी खालीच बसले आणि रडले. पंचाहत्तरी उलटली होती, झोपेत गेली, हाल झाले नाहीत. लोक हे सगळं समजुतीच्या सुरात सांगतात. मला त्याचा काही उपयोग झाला नाही.

आमची पहिली भेट गावच्या वाचनालयातली. मी नवी लग्न होऊन आलेली, आमचे हे दिवसभर कारखान्यात, आणि मी उबेला म्हणून वाचनालयात जाऊन बसायची. कोपऱ्यात एक साडीवाली बाई मोठ्या टोपासारख्या यंत्रात डोकं खुपसून बसलेली दिसली. मला वाटलं, केस वाळवतेय! डोकं बाहेर न काढताच ती म्हणाली, "मंगळसूत्र लांबूनच दिसलं हो तुझं. उभी काय, बस." मी बसले ती बसलेच म्हणायची. ते यंत्र मायक्रोफिल्म वाचायचं होतं. जुन्या वह्यांच्या पानांचे फोटो एका लांबलचक फिल्मवर घेतलेले असतात. वाचनालयात मागणी नोंदवली की दूरच्या संग्रहातून तिचं रीळ पुठ्ठ्याच्या इवल्याशा खोक्यात येतं. घरी न्यायचं नाही, तिथेच बसून बघायचं, मुदत संपली की परत.

तिला हा नाद लागला तो सासूमुळे. कुमुदताई पुण्याची, इतिहासात एम.ए., शिवाय मोडी शिकलेली. नवरा वेर्नर ओडेनवाल्डमधल्या एका खेड्यातला. सासूबाई एकदा जेवताना म्हणाल्या, "आमच्या घराण्यातलं तुला काय कळणार?" झालं! बाईने त्या गावच्या चर्चच्या जन्ममृत्यूच्या नोंदींची रिळं मागवली आणि ते जुनं जर्मन वळण घोटून घोटून वाचायला शिकली. मला म्हणायची, "अगं, मोडीत लेखणी उचलत नाहीत, इथेही उचलत नाहीत. दोन्हीकडचे कारकून सारखेच आळशी." बघता बघता सासूचे खापरपणजे-निपणजे तिने ओळीने मांडून दाखवले. पुढे त्याच सासूबाई चर्चच्या दारात लोकांना सांगायच्या, आमच्या सुनेला विचारा, तिला ठाऊक असतं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. अनिता शाळेत असताना वर्गात वंशवृक्ष काढायला सांगितला होता. पोरीने मोठं झाड काढलं. वडिलांच्या बाजूला नावंच नावं, पानाबाहेर जातील इतकी. आईच्या बाजूला आई, आजी-आजोबा आणि मग नुसत्या मोकळ्या फांद्या. ती आईला म्हणाली, "ममा, तू कुठूनच आलेली नाहीस." मुलांच्या बोलण्यात काही मनात नसतं, हे मी शंभरदा समजावलं. कुमुदताई स्वयंपाकघरात उभी, हातातली कोथिंबीर तशीच. म्हणाली, "मीना, ती खरं बोलली गं. मी तिला फक्त बापाकडचं दिलं. माझी लेक अर्ध्या झाडावर बसलीय." मी तिला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं.

नाशिकच्या उपाध्यांकडे तीर्थाला येणाऱ्या घराण्यांच्या नामावळी असतात, गावागावांची वेगळी पानं, हे तिला माहीत होतं. त्यातल्या काहींची कुणीतरी फिल्म काढून ठेवलीय, असा शोध तिने लावला, आणि ती रिळं डार्मश्टाटात येऊ लागली. वाचनालयातल्या बाईंनी भिंगातून ती अक्षरं पाहिली आणि "आल्झो... म्हणजे, हे सरळ धरायचं की उलटं?" म्हणून विचारलं. माहेरचं आडनाव वाईकर, म्हणून कुमुदताईने वाई गावचं रीळ मागवलं. एक झालं, दुसरं झालं, हिवाळा सरला. वाईकर काही सापडेनात. सापडले कोण? तर आमच्या सासऱ्यांचे पणजोबा! आमचं घर वाईचं ना. ती धावत माझ्याकडे आली, "घे तुझी माणसं! स्वतःच्या घराण्याचा पत्ता नाही, आणि मी तुझ्या सासरचे मुडदे उकरत बसलेय." मी हसून हसून बेजार. म्हटलं, "एम.ए. झालीस ना गं तू? वाईत राहणारा माणूस स्वतःला वाईकर कशाला म्हणवेल? वाई सोडून गेला म्हणून तो वाईकर. तुमचे लोक शेवटी कुठे होते ते विचार." तिने लगेच पुण्याला भावाला फोन लावला. भाऊ म्हणाला, मिरज.

मिरजेचं रीळ आलं त्या दिवशी आम्ही तिघी गेलो होतो. अनिताला ओढूनच आणलं होतं. हँडल फिरवता फिरवता कुमुदताईचा हात थांबला. पडद्यावर तिच्या आजोबांची सही. त्यांच्यावर त्यांचे वडील, वर आणखी वडील... मोडीतले वाईकर एकाखाली एक उभे. ती एकेक नाव मोठ्याने वाचत होती. आजूबाजूचे लोक 'श्श' करत होते आणि मी त्यांच्याकडे डोळे वटारत होते. मग अनिताने आजोबांच्या सहीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "आणि तू कुठे आहेस?" तिथे कुठलीच बाई नव्हती. होतं ते 'सहकुटुंब'. कुमुदताई म्हणाली, "कुटुंब म्हणजे माझी आजी. रखमा नाव होतं तिचं. आणि मी कुठेय म्हणतेस? थांब, लिहूनच घेते."

नुसतं बोलून सोडून देणारी ती बाईच नव्हे. त्याच वर्षी नाताळच्या सुट्टीत आम्ही एकत्र भारतात गेलो आणि तिने मला आणि अनिताला नाशिकला नेलंच. उपाध्ये वयस्कर, शांत. म्हणाले, "बाई, माहेरच्या पानावर लेकीचं लिहीत नाहीत. तिचं नाव सासरच्या गावाला."

"बरं. मग ओडेनवाल्डचं बाड काढा."

"ते कुठे आलं?"

"डार्मश्टाटच्या जरा पुढे."

"डार्मश्टाटचं पान नाही आमच्याकडे."

"मग घाला की! मिरजेचंही पान कुणीतरी पहिल्यांदा घातलंच असेल ना?"

उपाध्ये हसले. दौत पुढे ओढून त्यांनी कोऱ्या पानावर गाव लिहिलं, आणि खाली कुमुदताईने स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं... रखमा, तिची नात कुमुद, कुमुदची मुलगी अनिता. अनिताने रोमन लिपीत सही ठोकली. मग कुमुदताई मला म्हणाली, "मीना, तूही लिही." मी म्हटलं, छे, आमचं वाईचं पान आहे चांगलं, तूच तर शोधलंस. "बरं," म्हणाली, आणि खाली वाकून उपाध्यांशी काहीतरी बोलत बसली.

त्यानंतर तिने आम्हा सगळ्यांना भंडावून सोडलं. वाल्डॉर्फची सॉफ्टवेअरवाली पोरं असोत की उंटरश्लाइसहाइमचं नवं जोडपं, गणपतीला भेटलं की पहिला प्रश्न, "सुट्टीला जाताय? नाशिकला नाव लिहून या. बायकोचंसुद्धा." लोक 'गेनाऊ, अगदी बरोबर' म्हणत मान डोलवायचे आणि पाठ फिरली की हसायचे. हळूहळू रिळं येणं थांबलं, सगळं कॉम्प्युटरवर आलं, पण ती त्या कोपऱ्यात जाऊन बसायचीच. आमची शेवटची भेटही तिथलीच. निघताना कोट चढवत मला म्हणाली, "अजून लिहिलं नाहीस ना?" मी म्हटलं, "पुरे गं ताई, म्हातारी झालीस तरी हट्ट जात नाही!" ती म्हणाली, "तुझाही कुठे जातोय?"

तिच्या अस्थी अनिताने नाशिकला नेल्या. इथून अस्थी न्यायच्या म्हणजे कागदांचा डोंगर. पोरीने तो एकटीने पार केला. गोदावरीवरचं सगळं आटोपून आम्ही दोघी उपाध्यांकडे गेलो. आता गादीवर त्यांचा मुलगा. त्याने सवयीने विचारलं, "गाव?" मी तोंड उघडायच्या आत अनिता मराठीत म्हणाली, "डार्मश्टाट. आमचं गाव डार्मश्टाट."

त्याने सरळ हात घालून बाड काढलं. पान भरलेलं होतं. मागे दुसरं जोडलेलं, तेही भरत आलेलं. वाल्डॉर्फची पोरं होती, उंटरश्लाइसहाइमचं जोडपं होतं, बायकांची नावं ठसठशीत. हसणारे सगळे येऊन लिहून गेले होते! अनिताने आईची नोंद वाचली आणि तिच्या जाण्याची तारीख स्वतः लिहिली, मराठीत, सावकाश. माझी नजर मात्र वर होती. कुमुदताईच्या नोंदीखाली एक ओळ कोरी, आणि बाकी सगळे तिच्या खाली.

"ही का सोडलीय?" मी विचारलं.

"ताईंनी वडिलांना सांगून ठेवली होती," तो म्हणाला. "वर्षातून एकदा त्यांचा फोन असायचाच. विचारायच्या, आमची मीना आली का?"

मला पुढचं काही दिसेना... अनिताने पेन माझ्या हातात दिलं आणि त्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं, वाचनालयातल्या पडद्यावर ठेवलं होतं तसंच.

"मावशी, लिही," ती म्हणाली. "आई थांबलीय."